निवडलेली नको, नापास होणारी चेटकीण द्या

कॉलेजात शिकणाऱ्या चेटकिणींच्या कादंबऱ्या मला मनापासून आवडतात. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून "मावशींना फॅन्टसी झेपत नाही" म्हणणारे येतीलच. भाचीनं मागवलेली अशीच एक जाडजूड इंग्रजी कादंबरी तिच्याआधी मीच संपवली. होस्टेल, मेसचं जेवण, अमावास्येच्या रात्रीचं प्रॅक्टिकल, खडूस मॅडम आणि काढ्यात एक मुळी जास्त पडल्यामुळे निळ्या झालेल्या लॅबच्या भिंती. पोट धरून हसले. शिवाय आपण लहानपणापासून ऐकलेली चेटकीण म्हणजे गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी. इथं ती एकोणीस वर्षांची, हजेरी कमी म्हणून घाबरलेली, दोन विषय राहिलेले. ज्या बाईला गाव वाळीत टाकायचं, तिला आता वह्या, सिलॅबस आणि मैत्रिणी मिळाल्यात. मला हे फार मोठं वाटतं.

माझं घोडं अडतं ते एका ठरलेल्या प्रकरणाशी. नायिकेच्या मनगटावर किंवा मानेवर एक दिवस खूण उमटते. मोठी माणसं गोळा होतात, एकमेकांकडं बघतात आणि म्हणतात, हीच ती. निवडलेली. तिला कुणी विचारत नाही. ती दोन पानं रडते, मग शक्ती मिळते, झगा मिळतो, वर घाऱ्या डोळ्यांचा एक सिनियरही मिळतो.

बेळगावात बसून हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, पण लेखिकेला हवा असलेला नव्हे. आपल्याकडं ही खूण केसांत उमटायची. पोरीच्या केसांत गुंता होतो, विंचरणं राहतं, तेल-मळानं तो घट्ट होत जातो आणि कुणीतरी म्हणतं, जट आली, यल्लम्मानं बोलावलं. मग कंगवा बंद, कात्री तर लांबच. जट वाढते, जड होते, मान दुखते, आत उवा होतात, त्यावर भंडारा लावत राहायचं. अशा कितीतरी पोरी देवीला सोडल्या गेल्या. गळ्यात मोती बांधले, हातात परडी दिली, लग्नाचा विषय संपला. बहुतेक पोरी दलित आणि गरीब घरातल्या. वाड्यातल्या लेकींना देवी फारशी बोलवत नव्हती, हेही नोंदवून ठेवा.

मुली देवाला सोडण्यावर मुंबई सरकारनं 1934 मध्येच कायद्यानं बंदी आणली होती, आणि तेव्हा आपण मुंबई इलाख्यातच होतो. पुढं कर्नाटकाला 1982 मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. एवढं चिवट होतं ते "निवडणं". म्हणून कादंबरीत कुणी पोरीच्या अंगावरची खूण बघून हात जोडले की मला पुढचं पान उलटवत नाही. भाची म्हणाली, "स्टोरी आहे की ती मावशी, एवढं काय सिरीयस घ्यायचं?" घ्यायचं की. गोष्टीतूनच तर हे घरात शिरतं.

आणि जादूच हवी तर सौंदत्तीच्या डोंगरावरच्या देवीची, म्हणजे याच यल्लम्मा-रेणुकेची, कथा काय कमी आहे? रेणुका रोज नदीवर जायची, ओल्या वाळूची घागर वळायची, सापाची चुंबळ करून डोक्यावर ठेवायची आणि भरली घागर घरी आणायची. इतकं देखणं जादूचं दृश्य मी कुठल्याच इंग्रजी कादंबरीत वाचलेलं नाही. नुसते हात, वाळू आणि पाणी. पण एक दिवस तिनं गंधर्वाची जलक्रीडा पाहिली, मन क्षणभर ढळलं आणि घागर वळेना. मग जमदग्नींचा कोप, परशुरामाची कुऱ्हाड, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. हातातली विद्या नजरेच्या एका चुकीवर गेली, हे मला शाळेत असतानाही पटलं नव्हतं.

माझ्या मनातली मराठी कादंबरी इथून सुरू होते. खानापूरकडचं एखादं कॉलेज. पहिल्या सेमिस्टरला वाळूची घागर, सक्तीचा विषय. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला पावसाळ्यानंतर फील्ड ट्रिप. निपाणीकडची, आई विड्या वळते अशी एक पोरगी. तिला बोटांचं काम आधीच येतं, म्हणून सिनियर जळतात. नायिकेची घागर मात्र दर वेळी फुटते. का, तर वाळू जाड घेतली, पाणी जास्त झालं, काठ घाईनं वळला. गंधर्व आलाच तर खुशाल बघ बाई, चहालाही बोलव, घागरीचा त्याच्याशी संबंध नाही. होस्टेलात मंत्र मराठीत की कन्नडमध्ये यावरून भांडणं होणारच, शेवटी बेळगाव आहे. दोन्ही भाषांत शिव्या देणारी मेसची अक्का मला आत्ताच दिसतेय.

"मग तूच लिही की," असं भाचीचं म्हणणं. मला नाही जमणार, मी वाचणारी बाई. पण आपल्या भागातली कॉलेजची पोरं-पोरी मोबाईलवर गोष्टी लिहितात, हे मला ठाऊक आहे. कुणी असं काही लिहीत असेल तर खाली लिंक टाका, रात्र जागून वाचीन. फक्त पहिल्या प्रकरणात कुणाच्या मनगटावर चंद्रकोर उमटली, तर मी तिथंच थांबणार.