डेन्व्हरचा पाइप आणि पिंपळगावचा सल्ला

आमच्या घरी हिवाळ्याची तयारी म्हणजे माळ्यावरच्या रजया गच्चीत उन्हाला टाकणं आणि त्याच गच्चीतल्या कुंड्यांच्या ठिबकचा टायमर रोजच्याऐवजी दिवसाआड करणं. अंगात फारच उत्साह संचारला तर फिल्टरची जाळी धुवायची, लॅटरलची, म्हणजे ठिबकच्या बारीक नळीची, एंड कॅप काढून आतलं गढूळ पाणी सोडून द्यायचं. एवढं झालं की थंडीने खुशाल यावं.

आमचे चिरंजीव मात्र डेन्व्हरला असतात. समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटर उंचीवर, रॉकी पर्वताच्या कुशीत. तिथे ऑक्टोबर लागला की हिरवळीखाली पुरलेल्या पाइपांतलं पाणी काढून टाकावं लागतं. थोडंफार नाही, जवळपास सगळं. राहिलं तर ते गोठणार, फुगणार आणि पाइप फोडणार. पैसे घेऊन हे काम करून देणारी माणसं तिथे मिळतात. पण नव्या घराचे हप्ते सुरू झाले की माणसाच्या अंगात प्लंबर जागा होतो. चिरंजिवांनी यंदा स्वतःच करायचं ठरवलं, आणि करताना आम्हाला व्हिडिओ कॉलवर दाखवायचंही ठरवलं. पहिला निर्णय धाडसाचा होता. दुसऱ्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

तिथे शनिवारी सकाळचे दहा, म्हणजे इथे रात्रीचे साडेनऊ. त्यातून घरी साडूभाऊ मुक्कामाला. निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंतला त्यांची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी उरकून, काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावून, कोजागिरीच्या निमित्ताने आले होते ते राहिलेच. नाशिक जिल्ह्यातल्या माणसासमोर पाण्याचा पाइप उघडायचा नसतो. इथे प्रत्येकाच्या नात्यात एक तरी बागाईतदार असतो, आणि ठिबक या विषयात आपल्याला काही शिकायचं उरलंय असं मानणारा बागाईतदार मी अजून पाहिलेला नाही.

माझ्याकडे मोबाइल धरण्याचं काम होतं. ते मी अखेरपर्यंत चोख केलं.

"ते पितळेचं काय आहे रे?" साडूभाऊंनी पडद्यावर बोट ठेवलं. कॉल म्यूट झाला. मी परत चालू केला.

"काका, हा बॅकफ्लो प्रिव्हेंटर. बागेतलं खतामातीचं पाणी उलटं ओढलं जाऊन प्यायच्या पाण्यात जाऊ नये म्हणून. सगळ्यात उंच स्प्रिंकलरपेक्षा फूटभर वर बसवावा लागतो."

"म्हणजे एनआरव्ही. पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह."

"नाही, थोडं वेगळं असतं..."

"एनआरव्हीच तो."

हे पितळी प्रकरण जमिनीच्या वर, उघड्यावर असतं, त्यामुळे थंडीत पहिला बळी त्याचाच जातो असं चिरंजिवांनी सांगितलं. सौ. लगेच पुढे सरसावली. "अरे, मग त्याला काहीतरी गुंडाळ! मागच्या वर्षी गोधडी दिली होती ना मी?" तिकडे त्यासाठी ऊब धरणाऱ्या खास पिशव्या मिळतात, असं उत्तर आलं. "म्हणजे गोधडीच," सौ. माझ्याकडे बघून म्हणाली. त्या मुद्द्यावर तिने जे जिंकलं ते आजतागायत मला ऐकावं लागतंय.

खरा पेच पुढे होता. चिरंजीव तळघरात उतरले, बागेकडे जाणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, आणि साडूभाऊंचा पेला तोंडापाशीच थांबला.

"पाणी बंद केलं? थंडीत? अरे बाळा, थंडीत पाणी सोडायचं असतं!"

त्यांचंही चुकत नव्हतं. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर घसरला की आमच्याकडे पहाटे बागेत ठिबक चालू करतात. विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा कोमट असतं, आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात. एवढं करूनही मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात आणि व्यापारी भाव पाडायला मोकळा होतो. ज्या माणसाने पहाटे चारला कानटोपी घालून थंडीवर पाणी सोडलंय, त्याला थंडीच्या भीतीने पाणी हाकलून देणारा भाचा बघवणार कसा?

"काका, इथे फार थंडी पडते."

"आमच्याकडे काय कमी पडते? पेपरात फोटो येतात निफाडचे!"

"२०२२च्या डिसेंबरात इथल्या विमानतळावर उणे एकतीस होतं."

साडूभाऊ क्षणभर गप्प झाले. अख्ख्या निफाड तालुक्याची अब्रू त्यांच्या खांद्यावर होती. मग म्हणाले, "ती कोरडी थंडी. कोरडी थंडी लागत नाही."

सौ. निवृत्त शिक्षिका आहे. पाणी गोठलं की नऊ टक्के फुगतं, कोरड्या थंडीतही आणि ओल्याही, हे तिने वर्गात सांगावं तशा आवाजात सांगितलं. साडूभाऊंनी मोर्चा वळवला. पाइप किती खोल आहे? जेमतेम फूटभर. आणि जमीन किती खोल गोठते? घराचा पाया तीन फूट खाली न्यावा लागतो, त्यावरून समजा. "मग पाइपही तीन फूट खाली गाडा की!" ही सूचना मला तरी बिनतोड वाटली. तिथल्या खोदाईची मजुरी ऐकल्यावर साडूभाऊंनी ती स्वतःच मागे घेतली.

मग भाड्याने आणलेला कंप्रेसर दिसला. घरातला छोटा कंप्रेसर का नाही, याचं कारण मला पटलं. दाब त्यालाही आणता येतो, पण हवा पुरत नाही. टाकी एका दमात रिकामी होते आणि पाणी पाइपातच लोळत राहतं.

"प्रेशर किती ठेवलंय?"

"पन्नास पीएसआय. पॉलिथिनचा पाइप आहे, त्याच्या वर जायचं नाही. पीव्हीसीला ऐंशीपर्यंत चालतं."

"किलोत सांग."

"साडेतीन."

"साडेतीन किलो! आमचं ठिबक एक किलोवर चालतं. आणि हा कंप्रेसर तर आमच्या पंक्चरवाल्याकडे आहे तसलाच दिसतोय."

"चष्मा लाव डोळ्याला!" सौ. ओरडली. चिरंजिवांनी तो आधीच लावला होता. पण आईने सांगितल्यावर काढून परत लावला.

बागेचे भाग पाडलेले असतात. हवा सोडण्याआधी एका भागाचा व्हॉल्व्ह उघडा हवाच, नाहीतर दाब आतच कोंडतो. सगळ्यात लांबच्या भागापासून सुरुवात झाली. हिरवळीतून स्प्रिंकलरच्या मुंड्या टपाटप वर आल्या आणि उचकी लागल्यासारख्या पाणी थुंकू लागल्या. पाण्याचे फवारे झाले, फवाऱ्यांचं धुकं झालं, शेवटी नुसती हवा. साडूभाऊंना ते बघवेना. पालखेड कालव्याच्या आवर्तनाची वाट बघण्यात ज्याची उमर गेली, त्याच्यासमोर चांगलं पाणी असं फुंकून उडवणं म्हणजे छळच. "वाया चाललं की रे सगळं!" असं ते म्हणत होते, आणि चिरंजिवांनी कंप्रेसर बंद केला की "अजून आहे आत, चालू दे!" असंही तेच म्हणत होते. पण नुसती कोरडी हवा जास्त वेळ मारली तर स्प्रिंकलरमधले प्लॅस्टिकचे दाते तापून खराब होतात. म्हणून थोडं थांबून परत एक हलका झोत द्यायचा.

आणि एक भाग उघडेचना. टायमरवर दिवा लागत होता, मुंड्या मात्र जमिनीत ढिम्म. चिरंजीव तिकडे गवतात गुडघे टेकून कुठलीशी माहितीपुस्तिका चाळू लागले. मोबाइल धरून माझा हात भरून आला होता. सौ. "आता त्या माणसांना बोलाव बाबा" असं पुटपुटत होती.

"पेटीचं झाकण काढ," साडूभाऊ शांतपणे म्हणाले. "व्हॉल्व्हच्या डोक्यावर काळी डबी आहे ना, वायरी निघालेली? सोलेनॉइड, विजेवर व्हॉल्व्ह उघडतो ती. हाताने पाव आटा उलटा फिरव. सगळी काढू नको, पाव आटा."

चिरंजिवांनी फिरवली. फुस्स करून सगळ्या मुंड्या वर! साडूभाऊंच्या बागेत ऑटोमेशन बसवलंय, तिथे वीज गेली की ते रोज हेच करतात. त्या क्षणी पिंपळगाव बसवंतने कॉलोरॅडो जिंकलं. आमच्या घरात टाळ्या वाजल्या. वरच्या मजल्यावरच्यांनी खाली येऊन कोणाचा वाढदिवस आहे का, असं विचारलं.

शेवटी त्या पितळी एनआरव्हीच्या (आता सगळे तेच म्हणत होते) दोन्ही चाव्या चिरंजिवांनी अर्ध्यावर, तिरप्या ठेवल्या. चावी पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवली तर आतल्या गोळ्यापाशी पाणी अडकून राहतं आणि गोठलं की पितळही तडकतं. सौ.ला ते अर्धवट काम आवडलं नाही. साडूभाऊंना आवडलं. "हे मात्र पटलं," एवढं बोलून ते झोपायला गेले.

सकाळी चहा घेऊन मी बाहेर आलो तर साडूभाऊ गॅलरीत फोनवर होते.

"अरे, ट्यूबचं काम नाही. तुझा कंप्रेसर ट्रॉलीत टाकून बागेत आणायचाय. लॅटरलमधला गाळ फुंकून काढू. काय घेशील ते बोल... फुटत नाही रे! दीड किलोच्या वर जायचंच नाही. आणि डोळ्याला चष्मा लावून ये."