'१० मिनिटांच्या स्कॅनला ३ तास बसवलं' या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा, सेंटर माझंच आणि रिपोर्टवर सहीपण माझीच, म्हणून मीच लिहितोय. तुम्ही लिहिलंय की वडिलांना हृदयाच्या सीटी स्कॅनसाठी (सीटी अँजिओग्राफी) गारगोटीहून पहिल्या एसटीनं आणलं, स्टँडवर चहा घेऊन ९ ला पोचलात, ३ तास बसवलं, काळे-पांढरे फोटो दिले आणि वर रिपोर्टमध्ये 'कॅल्शियममुळं ब्लॉक किती ते सांगता येत नाही', म्हणजे पैसे वाया. फाइलमधलं बाकी काही इथं उघड्यावर लिहिणार नाही, तेवढ्यावरच बोलतो.

बसवलं ते ठोके उतरायला. हृदयाच्या रक्तवाहिन्या ३-४ मिलिमीटरच्या, त्यापण सारख्या हलणाऱ्या, दोन ठोक्यांच्या मधे हृदय क्षणभर निवांत होतं तेवढ्यात फोटो घ्यायचा असतो. मिनिटाला ६० च्या आसपास ठोके असले तर तो क्षण पुरतो, ९० ला आमच्या मशीनला पुरत नाही, फोटो पुसट येतो आणि डाय (रक्तवाहिन्या उठून दिसायला शिरेतून देतो ते औषध), रेडिएशन दोन्ही फुकट जातं. गोळीनं ठोके उतरायला तासभर तरी लागतो आणि चहानं अजून वेळ जातो. चहा-कॉफी घेऊ नका, वेळ लागेल, हे फोनवर सांगायचं आमच्याकडनं राहिलं. चूक आमचीच, वडिलांना या वयात ताटकळत बसावं लागलं त्याची मनापासून माफी मागतो. आता आदल्या दिवशी फोन करून सांगायला सुरुवात केलीय.

पण पैसे वाया हे पटत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत साठलेलं कॅल्शियम स्कॅनमध्ये इतकं पांढरं चमकतं की आहे त्यापेक्षा मोठं दिसतं आणि आतली वाट झाकून टाकतं, तिथं ५० टक्के का ९० हे सीटीवर खात्रीनं कळत नाही. मी अंदाजानं ८० लिहून दिलं असतं तर तुमचं समाधान झालं असतं, पण त्या आकड्यावर वडिलांचा इलाज ठरला असता दादा, ते माझ्या हातनं होणार नाही. कॅल्शियम साठलंय हे कळलं हीच मोठी गोष्ट, म्हणूनच पुढं साधी अँजिओग्राफी (हातातून किंवा मांडीतून बारीक नळी घालून करतात ती) लिहिली. आणि काळ्या-पांढऱ्या फोटोंचं म्हणाल तर, रंगीत थ्रीडी हृदय दिसायला छान, बायपासच्या पेशंटला कुठली नळी कुठं जोडलीय ते बघायला कामाचं, पण ब्लॉक आम्ही त्या काळ्या-पांढऱ्या कापांवरच मोजतो.

सीडी घेऊन कधीही संध्याकाळी ६ नंतर या, स्क्रीनवर एकेक नळी दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. फक्त हृदयाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट त्याआधी घ्या, आणि मधेच छातीत दुखलं तर सरळ दवाखान्यात न्या, आमच्याकडं येत बसू नका.