माल जातो, पैसा जातो, माणूसच का अडतो?

बहिणीच्या बाळंतपणाला आईला जर्मनीला जायचंय. तर व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंटं आणा, विमा काढा, बोटांचे ठसे द्यायला वडोदऱ्याहून अहमदाबादला या, वर 90 युरो फी भरा. नकार आला तर पैसेही गेले! आणि कारण काय, तर परत येण्याच्या हेतूबद्दल शंका. अरे, दांडिया बाजारातलं घर, देव, तुळस सोडून ती तिथे लपून बसणार आहे का?

इथल्या मकरपुऱ्यातल्या कारखान्यांचा माल कंटेनर भरभरून जगभर जातो. पैसा तर एका क्लिकवर जातो. संशयित फक्त माणूस? पहिल्या महायुद्धाआधी युरोपात बहुतेक ठिकाणी पासपोर्टही लागत नव्हता. 1950 च्या करारापासून नेपाळी माणूस व्हिसाशिवाय इथे येतो, राहतो, काम करतो. आपणही तिकडे जातो. कुठे आभाळ कोसळलं?

आणि वडोदऱ्यातली आपण मराठी माणसं कुठून उगवलो? नाशिककडच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा 1875 मध्ये इथे येऊन सयाजीराव महाराज झाला. त्याला वेशीवर अडवलं असतं तर?

कोण कुठे जन्मला एवढ्यावरून त्याला कोंडून ठेवायचा हक्क कुणी दिला या सरकारांना? उघडा त्या सीमा. जाऊ द्या माणसांना!