मदतकार्यातून राजदूत: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सर, तुमचं म्हणणं असं की, मदतकार्यात उमेदवारी करून पुढं राजदूत झालेल्या अमेरिकेच्या ख्रिस स्टीव्हन्सवर लेखात परिच्छेद लिहून मी सांगलीकडच्या दुष्काळी जतच्या पोरांना भलत्या नादाला लावतोय. आपल्याकडं युपीएससीशिवाय ते दार उघडत नाही, आणि मदतकार्य म्हणजे बिस्किटं वाटून फोटो काढणं. तेव्हा पोरांना ‘आधी परीक्षा, बाकी नंतर’ असं सांगा आणि तो परिच्छेद काढा.

दाराचं खरं आहे, लेखातही तेच लिहिलंय. परराष्ट्र सेवेला खुल्या गटात वयाची अट ३२. संस्थेत उमेदीची वर्षं घालवून चाळिशीत दिल्ली गाठली, तर कोण विचारतंय? अपवाद होतात, पण ते वेगळ्या गोटातले. माजी लष्करप्रमुख दलबीरसिंग सुहाग २०१९ मध्ये सेशेल्सला उच्चायुक्त, म्हणजे राष्ट्रकुल देशातला राजदूतच, म्हणून गेले. स्टीव्हन्ससुद्धा पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतून थेट राजदूत झाला नाही. १९८३ ते ८५ मोरोक्कोत इंग्रजी शिकवलं, मग वकिली, परराष्ट्र सेवा १९९१ मध्ये आणि लिबियाचं राजदूतपद थेट २०१२ मध्ये. त्याच सप्टेंबरात बेनगाझीतल्या हल्ल्यात गेला बिचारा.

आता बिस्किटं. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं तुम्हीही पाहिलंय. ओसरल्यावर पलूसकडच्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात जुन्या साड्यांचे गठ्ठे छताला टेकलेले आणि गोठ्यात जनावरं उपाशी. पुण्याच्या एका मंडळाला आणखी कपडेच उतरवायचे होते, बॅनरसकट. सरपंचांना गाडी आपल्या आळीत हवी. तलाठी यादीवर अडलेले. मध्ये समाजकार्य शिकणारी एक पोरगी, हातात ना पद ना शिक्का. तिनं मंडळाच्या अध्यक्षांना चहा पाजला, बॅनर बांधू दिला, आणि गाडी तशीच मिरजेला पाठवून येताना कडबा भरून आणवला. वाटपाचा मान सरपंचांना, यादी तलाठ्यांची. तिघंही आपलंच खरं झालं अशा थाटात घरी गेले!

परक्या देशात राजदूताचा हुकूम तरी कुणावर चालतो, सर? आपल्या कचेरीपुरता. बाकी सगळं असंच, मान राखून गळी उतरवायचं. आणि आपलं परराष्ट्र खातं आता नुसती पत्रं लिहीत नाही. अफगाणिस्तानात हेरातचं सलमा धरण भारतानं बांधून २०१६ मध्ये सुरू करून दिलं. धरणाच्या पाण्यावरून माणसं कशी भांडतात, हे जतच्या पोराला वेगळं शिकवायला नको.

तेव्हा ‘आधी परीक्षा, बाकी नंतर’ हा तुमचा सल्ला मला पटत नाही. एकविसाव्या वर्षी पदवी घेतलेल्या पोरानं दोन वर्षं संस्थेत काढली, तरी खुल्या गटातले सहाच्या सहा प्रयत्न त्याच्या हातात राहतात. लेखातला तो परिच्छेद मी काढणार नाही.