फोटोच्या जागी चौकोन

सकाळी साडेसातला क्लासच्या सरांचा फोन. "भैय्या, फोटो कामून दिसंनात? नुसते चौकोन यायलेत."

क्लासच्या निकालाचं वेबपान मी रात्रीच अपलोड केलं होतं. लॅपटॉप उघडाच होता. माझ्या स्क्रीनवर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पोरं हसत होती. म्हटलं, "सर, रिफ्रेश करून बघा की."

"धा वेळा केलं. अहमदपूरकडच्या एका पोरीच्या बापानं लिंक गावच्या ग्रुपवर टाकली. लेकीचं नाव हाय, मार्क हायत, फोटोच्या जागी चौकोन. लोक इचारायलेत, फी राह्यली म्हणून फोटो काढला का?"

लातूरच्या ट्यूशन एरियात निकालाच्या आठवड्याची किंमत काय असते, हे इथल्या कुणाला सांगायला नको. त्या बापानं वर्षभर या एका फोटोची वाट बघितली असणार. आणि त्याच्या हातात माझ्यामुळं चौकोन आला.

कारण काय निघालं? डिझाईन सॉफ्टवेअरला एआय असिस्टंट जोडून मी त्याच्याकडून पानाचा कोड लिहून घेतला होता. सॉफ्टवेअरनं फोटो दिले ते माझ्याच लॅपटॉपवरच्या पत्त्यानं, १२७.०.०.१. असिस्टंटनं तो पत्ता जसाच्या तसा पानात चिकटवला. १२७.०.०.१ म्हणजे ज्याचं त्याचं मशीन! माझ्याकडं सॉफ्टवेअर चालू, म्हणून मला फोटो दिसायलेत. त्या बापाचा मोबाईल फोटो स्वतःच्याच पोटात शोधायलाय. रात्री एक वाजता मी सरळ विचारलं होतं, "अपलोड करू का? काही राहिलं का?" उत्तर आलं, "पान पूर्ण तयार आहे." येत नसेल तर येत नाही म्हण ना! राग त्याचाच आहे. चुकीचा नाही, त्या ठाम 'हो'चा.

आणि ही जोडणी करताना दोन रात्री गेल्या त्या वेगळ्याच. एमसीपी, म्हणजे एआय असिस्टंटला बाकीच्या सॉफ्टवेअरशी जोडायची एक सामायिक पद्धत, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, आता प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळा जुगाड नको म्हणून. पण सेटिंगच्या जेसन फाईलमध्ये शेवटच्या ओळीनंतर एक स्वल्पविराम जास्त पडला की सगळं मुकं. कुठल्या ओळीत चुकलं, ते सांगायचं नाही. विंडोजच्या पाथमधला उलटा स्लॅश दोनदा लिहायचा, तेही कुणी सांगत नाही. हिरवा ठिपका लागतो, कनेक्टेड म्हणतो, आत टूल्स, म्हणजे असिस्टंटनं वापरायच्या सोयी, शून्य. खिडकी बंद करून उघडली तरी तेच, कारण प्रोग्रॅम खाली घड्याळाशेजारी जिवंत बसलेला असतो. तिथून मारला तेव्हा टूल्स दिसली. तेवढ्यात लाईट गेली.

जोडल्यावर अख्खं पान निवडलं तर माहिती एवढी मोठी झाली की असिस्टंटला गिळवेना. एकेक फ्रेम निवडून दिली तेव्हा कुठं हललं. 'दोन मिनिटांत जोडा' म्हणणाऱ्या व्हिडिओवाल्यांचा मला मनापासून संताप येतो. त्यांच्या फाईलमध्ये चार बटणं अन् दोन इंग्रजी ओळी. आमच्याकडं फ्लेक्सवाल्याकडून आलेली फाईल असते, लेयरची नावं 'रेक्टँगल ४७', आणि मजकूर कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द आतून ई-जे-के-बी-एच अशी इंग्रजी अक्षरं असतो, डोळ्यांना मराठी दिसतो तो फक्त फाँटमुळं. असिस्टंट आतली अक्षरं वाचतो. त्यानं ती निरर्थक समजून त्या जागी स्वतःच्या मनानं मजकूर घातला. पोरांची नावं बदलली, मायला! अठ्ठावीस नावं युनिकोडमध्ये मी हातानं टाईप केली, मार्कशीटशी एकेक ताडून. एवढं केलं आणि फोटोंवर घात झाला.

सकाळी सगळे फोटो डिझाईनमधून बाहेर काढले, साईटच्या फोल्डरात टाकले, कोडमध्ये १२७.०.०.१ शोधून एकूण एक पत्ता बदलला. मग डिझाईन सॉफ्टवेअर पूर्ण बंद केलं, वायफाय सोडून मोबाईल डेटावर पान उघडलं. हे रात्रीच करायला पाहिजे होतं. यापुढं त्याशिवाय एकही लिंक माझ्याकडून जाणार नाही, तो असिस्टंट कितीही 'तयार आहे' म्हणू दे.

सव्वानऊला सरांना लिंक पाठवली. म्हणालो, "सर, त्या पोरीच्या वडलांना आधी पाठवा. आणि माझं नाव सांगा, चूक क्लासची नव्हती म्हणून."

"पाठवतो," म्हणाले. "पर त्या ग्रुपवरचा चौकोन आता कोण पुसणार?"