आधी ठेवी, मग देणगी: कळव्याच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

आमच्या ठाण्यातल्या पतसंस्थेने लहान मुलांच्या मेंदूविकारांवरील संशोधनासाठी निधी जमवायला घेतलाय, त्यावर मी मागे लिहिलं होतं. त्याखाली 'एक ठेवीदार, कळवा' या नावाने तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. पतसंस्थेने ठेवी सांभाळाव्यात, दानधर्म करू नये. संशोधन हे सरकारचं काम. आणि द्यायचेच असतील तर समोरच्या आजारी लेकराला द्या, प्रयोगशाळेत पैसे ओतून कुणाचं भलं होणार? 'तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे, राग मानू नका' असंही लिहिलंत. राग कशाचा? यातला पहिला मुद्दा मला पूर्ण पटतो.

बँक बुडाली तर ठेव विम्यातून 5 लाखांपर्यंतची रक्कम तरी मिळते. पतसंस्थेच्या ठेवीला ते छत्र नाही. त्यामुळे मुदत संपलेली ठेव मागायला गेलं की जिथे 'पुढच्या आठवड्यात या' असं ऐकावं लागतं, त्या संस्थेने देणगीसाठी एक रुपयाही काढू नये. इथे माझं-तुमचं एकमत आहे.

पण देणगी ठेवीतून दिली जात नाही, काका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा आधी राखीव निधीत टाकावा लागतो. ते आणि शिक्षण निधीचं देणं झालं, की कलम 69 खाली नफ्याच्या जास्तीत जास्त 20 टक्के रक्कम धर्मादाय किंवा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढता येते, तीही मंजुरी घेऊन. ठेवीला धक्का लागत नाही. लाभांश मात्र थोडा कमी होऊ शकतो, आणि तो सभासदांचा असतो. म्हणून हा विषय संचालकांनी आपसात न उरकता वार्षिक सभेत मांडावा, यावर मी ठाम आहे. पुठ्ठ्याचा मोठा धनादेश हातात धरून काढलेले फोटो मलाही खुपतात.

आमच्याकडे निम्म्याहून जास्त पैसा नफ्यातून आलेलाच नाही. तो आला पिग्मीच्या, म्हणजे रोज गोळा होणाऱ्या छोट्या बचतीच्या, फेरीत लोकांनी वरून दिलेल्या नाण्यांतून. संध्याकाळी जांभळी नाक्यावर गर्दी ऐन भरात असताना आमचा एजंट गाळ्या-गाळ्यांवरून फिरतो. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशी ओल्या हातानेच कमरेची पिशवी उघडतात, शंभराची नोट देतात आणि वर दोन रुपयांचं नाणं ठेवतात, 'हे पोरांचं' म्हणून. मशीनमधून दोन पावत्या निघतात, एक ठेवीची आणि एक निधीची. दोन्ही पावत्या नीट घडी घालून गल्ल्याच्या डब्यात जातात. कुणावर सक्ती नाही. शेजारचा कांदे-बटाटेवाला देत नाही, त्याला कुणी विचारतही नाही.

आता प्रयोगशाळेचं. माझ्या मावसबहिणीच्या मुलीला रेट सिंड्रोम हा मेंदूविकार आहे. दीड वर्षाची होईपर्यंत सगळं वेळेवर झालं. खिडकीत कावळा आला की ती 'काऊ' म्हणायची, हाताने बिस्किट खायची. मग शब्द गेले. बोटांनी वस्तू धरणं गेलं. जागी असेपर्यंत तिचे दोन्ही हात छातीशी एकमेकांवर पिळल्यासारखे फिरत राहतात. तळव्याची कातडी सोलते, म्हणून तिची आई तिला मऊ मोजे घालते. व्हिएन्नाचे डॉक्टर आंद्रियास रेट यांनी 1966 मध्ये या आजाराचं वर्णन छापलं. त्यामागचं जनुक सापडायला 1999 उजाडलं. एडिंबरातल्या एड्रियन बर्ड यांच्या गटाने 2007 मध्ये ते जनुक पुन्हा चालू करून उंदरांमधली लक्षणं उलटवून दाखवली, आणि खास या आजारासाठीच्या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली 2023 मध्ये. तेही आजार मुळापासून बरा करत नाही. या वाटचालीत आईवडिलांनी उभारलेल्या संस्थांचा पैसा मोठा आहे. तिच्या आईला मी पन्नास हजार दिले तर फिजिओथेरपीचे काही महिने निघतील. ते द्यायलाच हवेत, आम्ही देतोही. पण तिच्या हातांची ती पिळवट त्याने थांबणार नाही.

तुमच्या 'समोरच्या लेकरा'साठीच आणखी एक सांगते. 2021 मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी सोळा कोटींच्या इंजेक्शनचे पैसे जमवले, ते तुम्हाला आठवत असेल. आजार होता एसएमए, म्हणजे स्नायू दुबळे करत नेणारा जनुकीय आजार. त्याचं जनुक 1995 मध्ये पॅरिसमध्ये सापडलं. फ्रान्समध्ये स्नायूविकारग्रस्त मुलांच्या पालकांची संघटना 1987 पासून टीव्हीवरून 'टेलेथॉन' करून सामान्य लोकांकडून पैसे गोळा करत होती, आणि त्या शोधाला तिचाही हातभार होता. इंजेक्शन बाजारात आलं 2019 मध्ये. कुणीतरी अनोळखी माणसांनी तीस वर्षं आधी थोडे थोडे पैसे दिले नसते, तर आपण कितीही कोटी जमवले असते तरी विकत घ्यायला औषधच नसतं.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली आता उपचारांसाठी 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि परळचं केईएम हे त्यातलं एक केंद्र आहे. पण सोळा कोटींपुढे पन्नास लाख कुठे पुरणार?

पैसा परदेशात जाईल ही धास्ती असेल, तर नवी मुंबईत खारघरला या. तिथल्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात, मुलांच्या मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीवर काम होतं. या गाठीचे चार मुख्य प्रकार आहेत, आणि रुग्णालयात मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावरून ते ओळखायची चाचणी तिथल्या शास्त्रज्ञांनी तयार केली. प्रकार कळला तर रेडिएशन कुणाला किती द्यायचं याचा विचार तरी करता येतो. वाढत्या वयात ते डोक्याला आणि कण्याला दिलं की मुलांची उंची आणि बुद्धी दोन्हींवर परिणाम होतो. आमच्यासारख्या पतसंस्थेच्या पैशात प्रयोगशाळा उभी राहत नाही, हे मला कळतं. रसायनांचा खर्च किंवा एखाद्या संशोधक विद्यार्थ्याचं मानधन निघू शकतं. अमेरिकेत क्रेडिट युनियन, म्हणजे तिथल्या पतसंस्था, एकत्र येऊन मुलांच्या रुग्णालयांसाठी निधी जमवतात. ठाणे-नवी मुंबईतल्या दहा संस्थांनी तसं ठरवलं तर वर्षाला एक विद्यार्थी सहज पोसता येईल, असं मला वाटतं.

तुमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होईलच. अहवाल हातात आला की आधी थकबाकी आणि राखीव निधी बघा. देणगीचा ठराव असेल तर पैसे नेमके कुणाला गेले आणि विनियोगाचा दाखला आला का, हे उभं राहून विचारा. थकबाकी फुगलेली दिसली तर ठरावाच्या विरोधात हात वर करा. मी तिथली सभासद असते तर मीही केला असता.