ब्रेकपॉइंटवर थांबूनही हाती काहीच नाही

प्रोग्राम नेमक्या ओळीवर थांबवावा, संशयित व्हेरिएबलची किंमत विचारावी आणि डीबगरने, म्हणजे दोष शोधण्याच्या साधनाने, ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ (वेगासाठी काढून टाकले) एवढेच उत्तर द्यावे, हा प्रकार आता माझ्या सहनशक्तीच्या पलीकडे गेला आहे. ओ-टू या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर वेग वाढवताना कम्पायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, व्हेरिएबल प्रोसेसरमधल्या रजिस्टरमध्ये ठेवतो, त्याचे काम संपताच ती जागा दुसऱ्याला देतो आणि सूचनांचा क्रमही बदलतो, त्यामुळे एकेक ओळ पुढे सरकताना कर्सर मागेपुढे उड्या मारू लागतो. हे मला समजते आणि मान्यही आहे. मान्य नाही ते हे की, जीसीसी या कम्पायलरच्या ४.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ सालापासून, डीबगिंगसाठी ओ-जी हा खास पर्याय उपलब्ध असतानाही आमच्याकडे चाचणीचे प्रत्येक बिल्ड (कोडपासून बनवलेला चालवण्याजोगा प्रोग्राम) ओ-टूनेच तयार होते, आणि कित्येकदा त्यातली डीबग माहितीसुद्धा काढून टाकलेली असते. मग जागोजागी प्रिंटच्या ओळी घालायच्या, संपूर्ण बिल्ड पुन्हा करायचे, आणि एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेडांच्या वेळेचे गणित त्या ओळींमुळेच बदलल्याने दोष दिसेनासा झालेला पाहायचा! बिल्डच्या फाइलमधली एक ओळ बदला, अशी विनंती मी चार वेळा लेखी केली आहे. कालही संध्याकाळी त्याच ब्रेकपॉइंटवर तेच दोन शब्द समोर आले.